पोरीशी अहिराणीत बोलू की मराठीत, आणि बोलू तरी काय

मूल वर्षाचं झालं रे झालं की आमच्या खानदेशातल्या अमळनेरात दोनच प्रश्न, चालायला लागली का आणि बोलायला लागली का. चालायला उशीर झाला तर "चालेल हो, जड अंगाची आहे" म्हणून सोडून देतात, बोलायला उशीर झाला की मात्र जो तो वैद्य होतो. कोणी वेखंड उगाळून जिभेला लाव म्हणतं, कोणी मधाचं बोट चाटव म्हणतं, आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी तर पोपटानं टोचलेला पेरू शोधून आणायला सांगितलं होतं. पेरूचं हसून सोडून देता येतं. मधाचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाला काही होत नाही पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार होतं आणि बाळ लुळं पडू शकतं, मग तो मध सातपुड्यातून आणलेला कितीही अस्सल का असेना.

आमची पोरगी आता दीड वर्षाच्या पुढे गेलीये, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, त्यामुळे नात्यातल्या नवीन आया फोन करून विचारतात की तू काय केलंस गं, कुठलं ॲप, फ्लॅशकार्ड कुठून मागवले. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

तर आधी हे की बोलणं पहिल्या शब्दाच्या खूप आधी सुरू झालेलं असतं. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला पोटातच ऐकू यायला लागतं आणि जन्मल्या जन्मल्या ते आईचा आवाज ओळखतं. दोन-तीन महिन्यांचं झालं की आऽ, ऊऽ, अगूऽ सुरू. सहा महिन्यांच्या आसपास बाबाबा, दादादा, मामामा अशी गाडी निघते. आमच्याकडे मामामा निघालं तेव्हा माझा भाऊ चोपड्याहून खास जिलेबी घेऊन आला, का तर भाचीचा पहिला शब्द मामा. मी काही त्याला सांगितलं नाही की ओठ मिटून उघडले की म आणि ब आपोआप निघतात आणि जगभरातली बाळं हेच बडबडतात, त्यात मामा काका कोणी नसतं. जिलेबी चांगली होती.

खरा पहिला शब्द म्हणजे ठरलेल्या गोष्टीला ठरलेला आवाज, तो साधारण वर्षाच्या आगेमागे येतो. आमचा "बंऽ" होता. बंद. म्हणजे पंखा बंद, म्हणजे लाईट गेली. उन्हाळ्यात जन्मापासून तेच ऐकत आलेलं पोर दुसरं काय बोलणार. नंतर लाईट आली तरी "बंऽ", दार लावलं तरी "बंऽ", आप्पांनी दुपारी डोळे मिटले तरी "बंऽ".

पण त्याच्या दोन-तीन महिने आधीच तिला कितीतरी समजत होतं, "आप्पांचा चष्मा कुठंय" म्हटलं की मान बरोबर खुंटीकडे वळायची, "भूर्र जायचं?" म्हटलं की दाराकडे रांगत निघायची. बोट दाखवायला लागली तेव्हा तर मला वाटलं आता अर्धं काम झालं, कारण बोट दाखवणं म्हणजे विनाशब्दांचं वाक्यच असतं ना, ते बघ, ते दे, ते काय. म्हणून कोणी मला "अजून एक पण शब्द नाही गं" म्हणतं तेव्हा मी आधी हेच विचारते की बोट दाखवतं का, टाटा करतं का, नावानं हाक मारली की वळतं का.

आता आमच्या घरात काय झालं ते. घरात सासूबाई, त्यांना सगळे माय म्हणतात, सासरे आप्पा, मी, आणि नवरा सुरतला कापड मार्केटमध्ये, शनिवारी रात्री गाडीनं येतो आणि रविवारी संध्याकाळी परत. पोरीला पहिले सहा महिने मालिश आणि अंघोळ मायनंच घातली, दोन्ही पाय लांब करून, पाटावर बसून, आणि त्या अर्ध्या तासात मायची अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत, बडबड चालूच. "काय व्हयनं? हां? भूक लागनी का तुले? मंग? तुना बाप येई ऱ्हायना आज." आणि मजा अशी की प्रत्येक प्रश्नानंतर माय थांबायची. खरंच थांबायची, तिच्या तोंडाकडे बघत, जणू उत्तर येणारच आहे, आणि पोरगी "अग्गूऽ" करायची, मग माय "असं का!" म्हणून पुढे. पुढे मी वाचलं की मुलांच्या वाढीवर काम करणारे लोक नेमकं हेच करायला सांगतात, बाळाची एक पाळी, तुमची एक पाळी, आणि मध्ये थोडी मोकळी जागा, कारण ऐकलेलं डोक्यात जाऊन उत्तर बाहेर यायला बाळाला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. माय चौथी शिकलेली. तिला नुसती गप्पांची आवड आहे.

ही थांबायची गोष्ट सगळ्यात अवघड, आणि शिकलेल्या लोकांना जास्तच अवघड, कारण आपल्याला वाटतं बाळावर शब्दांचा मारा केला की ते शिकतं. हे बघ सफरचंद, हा बघ हत्ती, हा लाल, हा निळा, आणि बाळ बिचारं दुसरीकडेच बघत असतं. मी एवढंच पाळते की तिची नजर जिथे आहे तिथलं बोलायचं. मी भाकरी थापत असले आणि ती माठाखालच्या मांजरीकडे बघत असली तर विषय मांजर. "मांजर आली. मांजरीला पाणी पाहिजे. बघ चाटतेय." मग ती तव्याकडे बघायला लागली की "भाकरी फुगली! गरम गरम." छोटी छोटी वाक्यं, पण पूर्ण वाक्यं.

आणि तिनं काही चुकीचं म्हटलं तर "असं नाही, नीट म्हण" करायचं नाही. ती "पापी" म्हणते. मी म्हणते, "पाणी? पाणी पाहिजे? घे, गार पाणी." बरोबर शब्द तिच्या कानावर तीनदा गेला, वर एक नवीन शब्द गेला, आणि पाणी पण मिळालं. ज्या बाळाला "पाऽणी म्हण, मगच देईन" करून रडवतात त्याला पाणी या शब्दाचाच राग येत असेल असं मला वाटतं.

परीक्षा घेणाऱ्या पाहुण्यांचं तर काय बोलू. आले, बसले, चहा यायच्या आत "काऊ कसा करतो? हम्मा कशी करते? सांग ना, काल तर सांगत होती!" आणि पोरगी मायच्या पदरात तोंड घालून बसलेली. मग निष्कर्ष, "लाजाळू आहे हो." तुम्हाला कोणी घरी येऊन पाढे विचारले तर तुम्ही काय करणार? मी आता सरळ सांगते की तिला विचारू नका, तुम्हीच काहीतरी बोला, ती ऐकेल. बहुतेकांना मग काय बोलावं सुचत नाही.

लाडे लाडे बोलण्याचं पण जरा स्पष्ट करते, कारण यावरून आमच्याकडे वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं की बोबडं बोललं की मूल बोबडंच राहतं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज जरा उंच, सूर लांबवलेला, हळू, चेहरा हलता, हे सगळ्या आज्या मुळातच करतात आणि बाळांना ते साध्या बोलण्यापेक्षा जास्त आवडतं, शब्द कुठे सुरू होतो कुठे संपतो ते त्यांना त्यात सोपं जातं. हे भरपूर करा. काऊ, चिऊ, हम्मा, भूर्र, गाई गाई हे तर आपले बाळांसाठीचेच ठरलेले शब्द आहेत, त्यांनी काही बिघडत नाही. पण "माज्या चोन्याला काय पायजेल" असं मुद्दाम आवाज मोडून बोलण्यात काही अर्थ नाही, बाळाला ऐकायला तरी नीट स च्या जागी स मिळू दे. वाद इथे मिटला, म्हणजे नवरा सुरतला गेला.

बाकी कुठेच वाचायला न मिळालेली एक गोष्ट सांगते, ती म्हणजे कूलर. पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही, पण इकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि तो पत्र्याचा डबडा कूलर सकाळी दहापासून घरघरत असतो, मग टीव्हीचा आवाज वाढवतात, मग टीव्हीपेक्षा मोठ्यानं माणसं बोलतात. आपण मोठी माणसं त्या गोंगाटातून अर्धा शब्द ऐकून बाकीचा जोडून घेतो कारण आपल्याला भाषा येते. बाळाला अजून शब्दच माहीत नाहीत तर जोडणार कशाला काय? गोंगाटात बोलणं निवडून काढणं त्यांना खरंच आपल्यापेक्षा अवघड जातं. कूलर बंद ठेवा असं मी म्हणणार नाही, पोर उकडून निघेल. पण टीव्ही बंद ठेवता येतो, बाळाशी बोलताना जवळ जाऊन तोंडासमोर तोंड आणता येतं, आणि खरी गप्पांची वेळ म्हणजे पहाटेची गच्ची आणि संध्याकाळचा ओटा. गल्लीतल्या बाया ओट्यावर बसल्या की या मांडीवरून त्या मांडीवर पोरगी फिरायची आणि प्रत्येकीचं वेगळं बोलणं ऐकायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले, गाणी सुरू झाली आणि गाण्याच्या ओळीचा शेवटचा शब्द ही पोरगी ओरडायला लागली. आत्यानं मुद्दाम शेवटचा शब्द सोडून दिला की ही भरायची. ते आम्ही नंतर सगळ्याच बडबडगीतांना लावलं.

आता अहिराणीचं. खरं तर हा सगळा लेख याच्यासाठीच लिहायला घेतला.

माझ्या जावेनं तिच्या मुलाशी पहिल्या दिवसापासून इंग्लिश बोलायचं ठरवलं, पुढे इंग्लिश मिडियमला घालायचंय म्हणून. हेतू चांगलाच. पण झालं असं की "बेबी कम, बेबी सिट, बेबी ईट, नो नो, डर्टी" एवढ्यावर तिचा साठा संपायचा आणि मग ती गप्प. तीच बाई बहिणीशी फोनवर अहिराणीत बोलायला लागली की तासभर श्वास घेत नाही, भांडण, हसणं, नकला, सगळं. आणि ते सगळं त्या पोराच्या वाट्याला आलंच नाही, त्याच्या वाट्याला सिट आणि ईट आलं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या भाषेत तुमची जीभ सैल सुटते त्या भाषेत बाळाशी बोला. त्यातच शब्द जास्त निघतात, त्यातच राग-लोभ-चेष्टा येते, आणि बाळाच्या अग्गूला उत्तर पण त्यातच पटकन सुचतं.

शाळेत अहिराणी बोलणाऱ्या पोराला हसतात हे मला माहीत आहे, मला पण हसलेत. म्हणून लोक घाबरतात आणि आजीला सांगतात की बाळासमोर अहिराणी बोलू नका. मग आजी तुटक्या प्रमाण मराठीत दोन वाक्यं बोलते आणि तीही गप्प होते. घरातलं सगळ्यात बोलकं माणूस आपण हातानं बंद केलं की! दोन भाषांनी मूल गोंधळतं, उशिरा बोलतं, हा समज चुकीचा आहे, दोन भाषांच्या घरातली मुलं त्यामुळे मागे पडत नाहीत. सुरुवातीला सरमिसळ करतात, आमची पण करते, "आठे बस" म्हणते त्यात आठे मायचं आणि बस माझं. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. मायच्या बोलण्यात ळ नाही, डोळ्याला डोया, काळ्याला काया, तर पोरगी पण डोयाच म्हणते. एक बाई म्हणाल्या बोबडी आहे. अहो, सगळी गल्ली मग बोबडी आहे. आणि तसंही र, श, ळ हे आवाज मुलांना उशिराच जमतात, चार-पाच वर्षांपर्यंत सुद्धा लागू शकतात.

याबद्दल एक जुना प्रयोग मला फार आवडतो. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी १९८४ मध्ये छापला. इंग्लिश बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगवेगळा ओळखत होती, जो इंग्लिश बोलणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना ओळखता येत नव्हता, आणि तशीच बाळं दहा-बारा महिन्यांची झाली तेव्हा बहुतेकांचं ते ओळखणं निघून गेलेलं. म्हणजे कोणते आवाज कामाचे आणि कोणते सोडून द्यायचे याचा हिशोब वर्षाच्या आतच चालू असतो. आता हे वाचून कोणी म्हणेल मग इंग्लिशचे व्हिडिओ लावून देऊ की वर्षाच्या आत. तर तेही बघून झालंय. सिॲटलला पॅट्रिशिया कूल यांच्या टीमनं २००३ मध्ये अमेरिकन घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, काही बाळांसमोर खरी माणसं बसून १२ वेळा गोष्टी सांगत आणि खेळणी दाखवत होती, काहींना तेच सगळं टीव्हीवर दाखवलं. माणसांसमोर बसलेली बाळं चिनीतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. टीव्हीवाली बाळं काहीच शिकली नाहीत.

म्हणून मोबाईलवर गाणी लावून घास भरवण्याबद्दल मला कोणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांपर्यंत बसून स्क्रीन बघणं नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तास, आणि तेही कमी तितकं बरं. यात माणसांशी व्हिडिओ कॉल मात्र चालतो असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि आमचं घर तर त्यावरच चालतं. नवरा रात्री दुकान बंद करून फोन करतो, पोरगी स्क्रीनला नाक लावते, ती "बाबा बंऽ" म्हणते, तो म्हणतो "दुकान बंद केलं, हो, आता जेवणार." उत्तर येतं ना पलीकडून, तेवढाच फरक. कार्टून काही तिच्या बंऽला उत्तर देत नाही.

हे सगळं करूनही काही मुलं उशिरा बोलतात, आणि तिथे घरच्या गप्पांवर विसंबून राहायचं नसतं. "मुलगा आहे, मुलगे उशिराच बोलतात", "याचा बाप पण तीन वर्षांचा होऊन बोलला होता" ही दोन वाक्यं तर खूप महिने खातात. मुलगे सरासरीनं थोडे मागे असतात, पण थोडेच. जिभेखालचा पडदा आखूड आहे म्हणून कोणी मूल मुळात बोलायलाच लागत नाही असंही नाही, दूध ओढायला किंवा काही आवाजांना त्रास होतो तो वेगळा. वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं नाही, टाटा नाही, सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे", "बाबा आले" असे दोन शब्द जोडून स्वतःहून बोलत नाही, असं काही असेल तर दाखवा. आणि येत असलेले शब्द किंवा हावभाव मध्येच गेले तर कुठल्याही वयात, लगेच.

दाखवायचं म्हणजे आधी कान. ऐकू न येणारं बाळ पण सुरुवातीला आऽ ऊऽ करतं, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. टाळी वाजवून वळतं का बघणं हे काही खरं नाही, टाळीचा वारा लागतो, सावली दिसते, हुशार बाळ वळतं. ओएई, बेरा अशा तपासण्या असतात, दुखत नाही, झोपलेल्या बाळाची होते. सारखी सर्दी होऊन कानात पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं, ते पण बघायचं.

सरकारी बाजूनं पण बरंच काही आहे जे आपण वापरत नाही. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, त्यांना फक्त वजन आणि लस विचारू नका, बोलण्याचं पण विचारा. दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड आपण लसीच्या दिवशी काढतो आणि परत पिशवीत ठेवतो, त्यात कितव्या महिन्यात बाळ काय करतं याची चित्रं आहेत, एकदा बसून बघा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, त्यात ऐकणं आणि बोलणं दोन्ही येतं, आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. पथक येणार त्या दिवशी "शेतात जायचंय" करून मूल घरी ठेवू नका एवढंच.

जाताना दोन गोष्टी बरोबर घ्या. एक, घरात मोकळेपणानं बोलतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ, कारण दवाखान्यात पोर हमखास तोंडात मूग धरून बसतं. दुसरं, ते जे जे शब्द बोलतं त्याची यादी, अर्धवट, मोडके, सगळे धरून, आणि आजीकडचे अहिराणी शब्द पण त्यात घाला. डॉक्टर बाहेरगावचे असतील तर पुढे लिहून द्या की आठे म्हणजे इथे आणि डोया म्हणजे डोळा, नाहीतर ते तेवढे शब्द खोडून मोजतील.